कुसुमवहिनींचा अँटेना

कुसुमवहिनींकडे टीव्ही बघायला जायचं तर एक नियम होता. पडवीत चटईवर बसा, उंबऱ्यावर बसा, भाताच्या पोत्यांना टेकून बसा, पण वेताच्या खुर्चीत बसायचं नाही. हा नियम वहिनींनी कधी कुणाला सांगितला नव्हता. एखादा नवखा पाहुणा चुकून तिकडे वळलाच तर त्या घाईने म्हणत, "अहो, ती कुरकुरते. इकडं बसा, वारा लागेल." खुर्ची कुरकुरताना मी काही कधी ऐकली नाही. तिच्यात कुणी बसतच नव्हतं.

ती खुर्ची विश्रामदादांची, वहिनींच्या नवऱ्याची. आमची वाडी आंजर्ल्याजवळ, खाडीच्या तोंडाशी. वाडीतले निम्मे पुरुष बोटीवर असायचे. बोटीवर म्हणजे मालाच्या मोठ्या जहाजांवर, वर्षातले आठ-दहा महिने परमुलखात. विश्रामदादा शेवटच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी रंगीत टीव्ही आणला, वाडीतला पहिला. तो बघायला बसण्यासाठी म्हणून दापोलीहून वेताची खुर्ची घेतली आणि ती एसटीच्या टपावरून आणली. खुर्चीत बसून त्यांनी जेमतेम महिनाभर टीव्ही बघितला. मग परत गेले, आणि काही महिन्यांनी कळलं की जपानच्या वाटेवर एका सकाळी ते बोटीवर नव्हते. आदल्या संध्याकाळी जेवले होते, सकाळी नव्हते. पडले म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आणि उतरले म्हणावं तर चहूकडे पाणीच होतं. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. हे सगळं मी आईकडून ऐकलेलं आहे.

मला आठवतात त्या त्यानंतरच्या वहिनी. उंच नव्हत्या, पण चालताना उंच वाटत. वाडीतली लहानथोर सगळी त्यांना वहिनीच म्हणायची, मीही. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. चैत्रात हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं जाई, पण कुंकू लावणाऱ्या बाईचा हात त्यांच्यापाशी आला की किंचित थबकायचा. वहिनी मग स्वतःच कपाळ पुढे करायच्या. मी आईच्या पदराशी बसून हे बघितलेलं आहे. कपाळ पुढे करताना त्या हसत असत, जणू त्या बाईलाच संकोचातून सोडवत होत्या.

पंचक्रोशीत कुणी खलाशी रजेवर आला की वहिनी त्याला चहाला बोलवायच्या. पोहे करायच्या, ओलं खोबरं सढळ हाताने घालायच्या. विश्रामदादांचं नाव मात्र काढायच्या नाहीत. विचारायच्या ते भलतंच. तुमच्या बोटीवर भात कोण शिजवतो, चादरी कोण धुतो, एखाद्याला रात्री झोप लागत नसली तर तो कुठं जाऊन बसतो. येणाऱ्याला वाटे, बाई बोलकी आहे. तो सैल होऊन बोलत राही आणि वहिनी सुपातले तांदूळ निवडत ऐकत राहत. एकदा तसा एक पाहुणा उठून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "शोभा, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंन असेल. जपानकडचं पाणी गरम असतं की थंड?"

मी आठवीत होते. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाईंना विचारून सांगते." नंतर विचारलंही नाही, कारण घरी जाताना मला एकदम कळलं की त्या काय विचारत होत्या, आणि मला त्याची भीती वाटली.

टीव्ही तोवर जुना झाला होता. खाऱ्या हवेनं त्याचे रंग बिघडले आणि सगळंच हिरवट दिसायला लागलं. बातम्या देणारी बाई हिरवी, नेते हिरवे, क्रिकेटचे कपडे हिरवे. वाडीत आणखी टीव्ही आले होते, पण बायामाणसं सवयीने वहिनींकडेच जमत. त्यांच्या घरी चित्र हिरवं असलं तरी स्वच्छ होतं. इतरांचे अँटेना डोंगराकडे तोंड करून, वहिनींचा तेवढा समुद्राकडे. शेजारचा बबन म्हणायचा, मुंबईचं थेट पाण्यावरून येतं, मध्ये काही आड येत नाही. अँटेना फिरवायचं काम बबनचंच. तो कौलांवर चढायचा आणि खालून वहिनी ओरडायच्या, "पाय जपून रे बबन्या, कौल फुटेल!" चित्र आलं की गेलं हे दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. वहिनींना कौलाची आणि बबनच्या पायाची काळजी.

मी दापोलीच्या कॉलेजात जाणार हे ठरलं तेव्हा पेढे द्यायला त्यांच्याकडे गेले. आमच्या घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला वाटलं, त्या विचारतील कुठले विषय घेतलेस. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "हॉस्टेलात टीव्ही हाय काय गो?"

"असेल," मी म्हटलं.

"मग बरं हाय."

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी असताना ती मालिका सुरू झाली. 'चौकशीची खिडकी' तिचं नाव. दर गुरुवारी, संध्याकाळच्या बातम्यांनंतर. गुप्तहेराची मालिका म्हणून जाहिरात झाली होती, त्यामुळे पडवी भरलेली. सुरुवातीला एक म्हातारा स्वेटर घालून एका स्वयंपाकघरात बसलेला दिसला. वर पंखा फिरत होता. म्हातारा बोलेना, समोरची बाईही बोलेना. नुसता पंख्याचा आवाज.

"आवाज गेला," कुणीतरी म्हटलं. बबननं उठून टीव्हीच्या डोक्यावर दोन थपडा मारल्या. तरी पंख्याचाच आवाज. मग तो बाहेर धावला आणि कौलांवर चढून अँटेना फिरवायला लागला. त्यामुळे चित्रही गेलं. वहिनी एकीकडे "कौल फुटेल" आणि दुसरीकडे "अरे होतं तस्सं ठेव मेल्या, आवाज गेलेला नाय, ती माणसंच गप्प बसलीयत!" असं ओरडत होत्या. चित्र परत आलं तेव्हा म्हातारा बाईला विचारत होता, "त्या दिवशी जेवायला काय केलं होतंत?"

हा सबनीस, मालिकेतला गुप्तहेर. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतून निवृत्त झालेला. त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं, मोटार नव्हती. पित्ताचा त्रास होता, म्हणून पिशवीत डबा. लोक त्याच्याकडे हरवलेल्या वस्तू आणि हरवलेली माणसं घेऊन येत आणि तो जेवणाचं, कपड्यांचं, दिवा कुणी मालवला याचं विचारत बसे. कधी चोर सापडे. सापडला तरी सबनीस त्याच्याबरोबर चहा पिऊन घरी जाई.

पडवी दोन-तीन आठवड्यांत रिकामी झाली. लोकांनी या मालिकेची फार चेष्टा केली. कोणी नुसतं बसून राहिलं की "काय रे, सबनीस झालास?" असं म्हणायची वाडीत पद्धत पडली. सगळ्यात मोठ्याने चेष्टा करायचे दिनूकाका. ते विश्रामदादांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे. त्यांची भाताची गिरण होती. दिवसभर गिरणीच्या आवाजात बोलून त्यांना ओरडूनच बोलायची सवय लागलेली. "वहिनी!" ते उंबऱ्यावरूनच गरजत, "याच्यापेक्षा आमचा पोलीस पाटील बरा! निदान शिव्या तरी घालतो!"

वहिनी हसायच्या, पण गुरुवार चुकवायच्या नाहीत. त्यांना खुनात आणि चोरीत रस नव्हता. त्या सबनीस ज्या घरात गेला असेल ते घर बघायच्या. "कुकरला शिट्टी नाय. बाईचं लक्ष ठिकाणावर नाय." "खुंटीला दोन छत्र्या हायत, माणूस एकच." पुढे कधी तसंच निघायचं, कधी निघायचं नाही. निघालं नाही तर त्या म्हणायच्या, "दाखवणाऱ्यालाच ठाऊक नाय."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. हॉस्टेलच्या टीव्हीवरही मी ती मालिका बघत होते. खरं सांगायचं तर वहिनींमुळेच बघत होते, घरी आले की त्यांच्याशी बोलता यावं म्हणून. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, सबनीसचा स्वेटर हिरवा नाहीये. तिकडच्या टीव्हीवर डाळिंबी दिसतो."

त्या बघतच राहिल्या. मग एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "डाळिंबी? म्हाताऱ्याला? आणि मी समजत्येय, शेवाळाच्या रंगाचा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणाला सांगू नको गो. त्यांचा हिरवाच राहू दे."

त्याच सुमारास मालिकेत शेवटची चौकशी सुरू झाली. शेवटची हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. एक शाळामास्तर संध्याकाळी पालेभाजी आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडतो आणि परत येत नाही. त्याची बायको रोज संध्याकाळी जेवताना त्याचंही पान वाढते. सबनीस चौकशीला आला की त्याला जेवायला बसवते. मग तीन पानं, दोन माणसं. हे दृश्य पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी वहिनींच्या शेजारी बसलेले होते. त्यांनी काहीच शेरा मारला नाही. नुसतं गुडघ्याभोवतीचे हात घट्ट केले.

त्या दिवशी दिनूकाका आले ते उंबऱ्यावर थांबले नाहीत, आत आले. जाहिराती चालू होत्या. माझी आई होती, बबन होता. दिनूकाका त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, शिमग्याला बारा वर्षं पुरी होतील. भटजींशी बोललोय मी."

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर आमच्याकडे त्याचा दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचे दिवस करतात. हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर वहिनींच्या कपाळावर काय राहील आणि काय राहणार नाही, हेही.

वहिनी टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "या मास्तराचा तपास संपू दे. मग बोलू."

बबन हसला. आईलाही हसू आलं. दिनूकाका मात्र हसले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "दरवर्षी पितृपक्षात बापाला पान ठेवतो, आज्याला ठेवतो. विश्रामला ठेवत नाय. जिवंत माणसाला कसं ठेवायचं? आणि मेला असेल तर? बारा वर्षं पाण्यात हाय आणि त्याला घोटभर पाणी कुणी दिलेलं नाय. धड इकडचा नाय, धड तिकडचा नाय. मला झोप लागत नाय हो."

जाहिराती संपल्या. वहिनी म्हणाल्या, "संपू दे म्हटलं ना, भाऊजी."

तेव्हापासून दिनूकाका दर गुरुवारी यायला लागले. गिरण बंद करून, अंगावरचा कोंडा झटकून, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. पूर्वी चेष्टा करणारा हा माणूस आता सबनीस गप्प बसला की कासावीस व्हायचा. "विचार ना, विचार ना त्या न्हाव्याला!" असं टीव्हीला सांगायचा. मी पंधरा दिवसांनी शनिवारी घरी आले की वाटेतच मला थांबवून विचारायचा, "शोभा, तुमच्या कॉलेजातली पोरं काय म्हणतायत? सापडेल काय तो?" तो सापडला तर त्यांना हवं होतं की नको, हे मला कळायचं नाही. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

सबनीस आठवड्यामागून आठवडे फिरत राहिला. न्हाव्याला विचारून झालं, चांभाराला झालं, भाजीवालीला झालं. वर्तमानपत्रात पत्रं यायला लागली की हे झोपेचं औषध बंद करा. आणि शिमग्याच्या आधी एका गुरुवारी पाटी आली की पुढचा भाग अखेरचा.

त्या शेवटच्या गुरुवारी मी हॉस्टेलात होते. मुलींना दुसरीकडची गाणी बघायची होती. मी कधी काही मागत नसे, म्हणून असेल, पण मी विनंती केल्यावर त्यांनी ऐकलं. शेवट झाल्यावर मात्र सगळ्या माझ्यावरच चिडल्या. "एवढे महिने हे बघत होतीस तू? याच्यासाठी?" एकीने उशी फेकून मारली. सगळ्या गेल्यावर मी एकटीच त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले. वहिनींनीही हे आत्ता बघितलं असेल, त्या काय करत असतील, एवढंच माझ्या मनात होतं.

शनिवारी मी घरी निघाले. खाडी तेव्हा तरीतून, म्हणजे होडीतून, ओलांडावी लागे. तरीत बबन भेटला. मला बघताच तो जवळ सरकून बसला.

"शोभा, तू बघितलंस काय गुरुवारी?"

"म्हणजे? तुम्ही नाही?"

"कुठलं! सात वाजता माडाची झावळी पडली तारांवर. अख्खी वाडी काळोखात. वहिनी चिमणी लावून टीव्हीसमोर बसून राहिल्या. आम्ही बसलो. दिनूकाका दोनदा वायरमनकडे धावले. लाईट आली ती शुक्रवारी दुपारी."

"मग वहिनींना शेवट माहीत नाही?"

बबन घुटमळला. "तसं नाय. मी शुक्रवारी सांगितलं, मी हर्णैला मासळी घेऊन गेलेलो, तिथं हॉटेलात बघितलं. मास्तर परत आला म्हटलं. पिशवीत पालेभाजी घेऊन."

"पण तू तर वाडीतच होतास."

"होतो तर! त्यांच्या शेजारीच बसलो होतो. माझ्या ध्यानात नाय राहिलं ते. त्यांच्या ध्यानात होतं." तो कान खाजवायला लागला. "मग दिनूकाका गेले. ते म्हणाले, दापोलीत सासुरवाडीला फोन लावला, नाय नाय, स्वतः जाऊन बघितलं, रातोरात स्कूटरवरून. मास्तर मेलेला सापडला, विहिरीत. आता तू जातेयस. तू काय ते ठरव."

होडी काठाला लागेपर्यंत मी काही ठरवू शकले नाही. माझ्या एका वाक्यावर काय अवलंबून आहे हे मला ठाऊक होतं. दोन्ही उत्तरं तयार होती. दोन्ही देणारे वहिनींना जीव लावणारे होते. आणि मी जे बघितलं होतं ते या दोन्हींपैकी नव्हतं.

वहिनी मागल्या दारी चिंच फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आलीस? बस."

मी बसले. माझ्याकडे एक बत्ता सरकवून त्या म्हणाल्या, "बबन्याला विचारलं, सबनीसनं स्वेटर कुठला घातला होतान. म्हणाला, घातलाच नव्हतान, उकाडा नाय काय! भाऊजींना विचारलं. भाऊजी म्हणाले, नेहमीचाच, हिरवा." त्यांनी एक चिंच फोडली. "दापोलीच्या टीव्हीवर हिरवा."

मी बत्ता उचलला.

"आता तू सांग."

"डाळिंबीच होता," मी म्हटलं. "पण शेवटी त्यानं तो काढून ठेवला."

"कुठं?"

"त्या बाईच्या घरी. खुंटीवर. वहिनी, मास्तर सापडला नाही. सबनीस तिच्याकडे आला आणि म्हणाला, बाई, मी उत्तर आणलेलं नाही. जेवायला बसलो तर चालेल का? मग ती दोघं जेवली. जेवतच होती, तेवढ्यात संपलं."

"मेला म्हणाला?"

"नाही."

"येईल म्हणाला?"

"नाही. काहीच नाही म्हणाला."

वहिनींनी चिंचोके बाजूला केले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानं किती वाढली होतीन बाईनं?"

मी डोळे मिटून आठवलं. पितळेचं तांब्याभांडं, भाताची मूद, सबनीस मांडी घालून बसलेला, समोर ती. आणखी पान होतं का? मी पुन्हा आठवलं. "दोनच," मी म्हटलं. "एक त्याचं, एक तिचं."

"नीट आठव हां."

"दोनच होती, वहिनी."

त्यांचा हात थांबला. बोटांना चिंच लागलेली, तरी त्यांनी ती तशीच कपाळाशी नेली आणि तिथेच थांबवली. कुंकवाला लागू दिली नाहीत. "मग संपला तपास," त्या म्हणाल्या. "बाईनंच संपवलंन."

त्यांनी मला दिनूकाकांना बोलवायला पाठवलं. ते गिरणीतून तसेच आले, भुवयांवर कोंडा घेऊन. मला जायला हवं होतं, पण वहिनींनी डोळ्यांनीच बस म्हटलं.

"भाऊजी, स्वेटर डाळिंबी होता," वहिनी म्हणाल्या.

दिनूकाकांनी माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. ते मटकन पायरीवर बसले. आणि मग मी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांना हळू बोलताना ऐकलं. "मी खोटं बोललो, वहिनी. पण तो माझा भाऊ हाय. त्याला तहान लागली असेल."

वहिनींनी हात धुतले. तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्ही प्या आधी," त्या म्हणाल्या. "मग त्यांना द्या. सांगा भटजींना."

शिमगा झाल्यावर ते सगळं झालं. भटजी आदल्या दिवशी तयारी सांगायला आले तेव्हा वहिनी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुतळा केवढा करणार?"

भटजींनी हाताने दाखवलं. वीतभरच असेल.

"लहान होईल," वहिनी म्हणाल्या. "ते या दारातून वाकून यायचे."

भटजी समजूत घालायला लागले, की वहिनी, ती खूण असते, माप नसतं. वहिनी म्हणाल्या, "हो. तरीपण." भटजी पुढे बोलणार होते, पण दिनूकाका उठले. कोयता घेऊन खाडीकाठच्या खाजणाकडे गेले. अंधार पडायच्या आत दर्भाचा मोठा भारा घेऊन परत आले आणि दाराच्या चौकटीशी तो उभा धरून बघितला. चौकटीपेक्षा थोडा उंच होता.

मंगळसूत्र वहिनींनी स्वतः काढलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्याकडे गेलं नाही. माझी आई एका दुपारी भिजवलेली डाळ आणि पन्हं घेऊन नुसतीच त्यांच्याकडे जाऊन बसली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

त्याआधी, तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर दिनूकाका थकून पडवीत उभे होते. वहिनींनी वेताची खुर्ची पुढे ओढली. "भाऊजी, दमलात. बसा." ते नको नको म्हणत टोकावर बसले, दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखे. मग हळूहळू मागे टेकले. खुर्ची कुरकुरली. खरंच कुरकुरत होती ती. वहिनी त्या आवाजाकडे मान कलती करून बघत राहिल्या.

त्यानंतर टीव्ही फार चालला नाही. हिरवा रंगही फिका होत गेला आणि एका पावसाळ्यात तो कायमचा बंद पडला. दापोलीच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. वाडीत केबल आली होती, दिनूकाका म्हणाले मी घेऊन देतो, पण वहिनींनी नको म्हटलं. पडवीत आता कुणी जमत नसे.

बीए झाल्यावर पुढे शिकायला मी रत्नागिरीला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप घ्यायला गेले. बबन कौलांवर चढून अँटेना उतरवत होता. खालून वहिनी ओरडत होत्या, "पाय जपून रे, कौल फुटेल!" बबनचेही केस पांढरे व्हायला लागले होते. तो दांड्यासकट अँटेना खांद्यावर घेऊन उतरला. वहिनींना तो पडवळाच्या वेलाला हवा होता. परसात खड्डा खणून ठेवलेला होता, शेजारी आळ्यात रोपं वीतभर वर आलेली.

बबननं दांडा खड्ड्यात उभा केला आणि दगड भरायला घेतले.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "तोंड फिरव त्याचं. होतं तिकडं कर."

"समुद्राकडं?" बबन हसला. "आता कशास, वहिनी? वेलाला काय बातम्या बघायच्यात?"

"राहू दे रे. सवय हाय त्याला."

बबननं अँटेना फिरवला. वहिनींनी लांब जाऊन बघितलं, हातानेच थोडा उजवीकडे म्हणून खूण केली, मग पुरे म्हणून केली.

त्यांना मी जवळून शेवटचं बघितलं ते तेव्हाच. वर्षभराने आईचा फोन आला, वहिनी गेल्या म्हणून. ताप आला होता, फार दिवस आजारी नव्हत्या. मला परीक्षेमुळे जाता आलं नाही. पण त्याआधी दिवाळीला मी घरी जाऊन आले होते, आणि परत निघताना पहाटेच्या गाडीला उशीर होईल म्हणून त्यांच्याकडे न थांबता परसाच्या कडेने गेले होते. उजाडत होतं. अँटेनाच्या प्रत्येक काडीवर वेल चढला होता आणि खाली पडवळं लोंबत होती, बुडाला दगड बांधलेली, सरळ वाढावीत म्हणून. वेताची खुर्ची बाहेर आणून ठेवलेली होती. वहिनी तिच्यात बसल्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन, अँटेनाचं तोंड होतं तिकडेच तोंड करून. मी हाक मारणार होते. पण त्या काहीतरी ऐकत असल्यासारख्या दिसल्या, म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पुढे गेले.